स्कँडिनेव्हियन घर, पण पंचेचाळीस डिग्रीत

पऱ्हाटी | ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आता पेंटर येत्या सोमवारी येतो म्हणतोय आणि घरात एकमत होत नाही, म्हणून धागा काढतेय.

आर्वीजवळच्या एका खेड्यात आमचं घर आहे. पुढे छपरी, तिच्यामागे दीड हात जाड मातीच्या भिंतींचा मोठा खण, वर कवेलू. हा भाग माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेला. मागे सांदवाडीच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. त्यांना प्लास्टर झालं, फरशी झाली, रंग तेवढा राहिला. म्हणजे अर्धं घर जुनं, अर्धं सिमेंटचं, आणि मधल्या दारात उभं राहिलं की दोन वेगळ्या गावांत पाय असल्यासारखं वाटतं.

आता माझं खूळ. मोबाईलवर त्या स्कँडिनेव्हियन घरांचे फोटो पाहून पाहून मला वेड लागलंय. पांढऱ्या भिंती, फिक्या लाकडाची जमीन, करडा सोफा, त्यावर लोकरीची शाल, खाली तागाचं जाजम, कोपऱ्यात मडक्यात खोचलेली एक वाळकी फांदी. बस्स. एवढंच. शाळेतून घरी आल्यावर अशा खोलीत पाच मिनिटं नुसतं बसावं असं वाटतं. (मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर भिंतीवरची लाल-पिवळी मुळाक्षरं आणि फळं पाहून डोळे थकतात हो.)

घरच्यांचं ऐका. नवऱ्याला पिस्ता हवाय, कारण शेजारच्यांनी दिलाय. पेंटर म्हणतो पांढरा देतो, पण खाली तीन फूट चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा मारावाच लागेल, नाहीतर डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. आणि आजेसासूबाई, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, शेड कार्ड हातात धरून म्हणाल्या, "पांढरं फटक घर कायले पाह्यजे माय? दवाखाना हाय का?"

अडचणी मलाही दिसतात. काळ्या मातीचं गाव, चैत्र-वैशाखात वावटळ आली की भांड्यांत माती. घरी येणाऱ्यांतले निम्मे खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारे. नव्या खोल्यांतली फरशी चकचकीत, संगमरवराची नक्कल छापलेली, ती तर त्या फोटोंत कुठेच बसत नाही. बांबूचं काही करावं म्हटलं तर मागच्या वर्षीच्या बांबूच्या रॅकमधून आता पिठासारखा भुगा पडतोय. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न कूलर. त्या फोटोंतल्या एकाही घरात कूलर नाही!

कोणी असं काही आपल्या भागात केलंय का? शहरातले इंटिरियरवाले नकोत. विदर्भातला उन्हाळा सोसलेल्या माणसाने सांगावं.

---

कूलरखाली | ३ फेब्रुवारी

नैसर्गिक पोत म्हणता, ताई? डिसेंबरपासून आमच्या बैठकीत भाव वाढायची वाट पाहत पंधरा क्विंटल कापूस पडलाय. पांढराशुभ्र, मऊ, छताला टेकलेला. याच्याहून स्कँडिनेव्हियन खोली अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही. फक्त बसलं की अंगाला खाज सुटते.

---

पऱ्हाटी | ३ फेब्रुवारी

@कूलरखाली, हसू नका, आमच्याही मोठ्या खणात दहा क्विंटल आहे. तो गेल्याशिवाय तिथे रंगाचा ब्रश लागणारच नाही.

---

उप्सालावासी | ४ फेब्रुवारी

मूळ गाव कारंजा, गेली नऊ वर्षं स्वीडनमध्ये उप्सालाला. म्हणून थोडं इथलं सांगतो, त्यावरून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

इथे पांढरा रंग आवडीपेक्षा गरजेतून आलाय. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. भरदुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो, म्हणजे आपल्याकडे सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने असतो तसा. अजून उत्तरेला किरुनाच्या बाजूला तर त्या दिवसांत तो उगवतच नाही. अशा वेळी खिडकीतून जो चमचाभर उजेड आत येतो तो भिंतीने गिळू नये, खोलीत परत फेकावा, यासाठी भिंत पांढरी आणि जमीन फिकी. पाइनचं लाकूड उन्हाने पिवळं पडत जातं, म्हणून डेन्मार्कात जमिनीला क्षार लावून वर साबणाच्या पाण्याने धुवायची जुनी पद्धत आहे. त्याने ते फिकंच राहतं. खिडकीत लोक दिवा ठेवतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला ते दिवाळीसारखं वाटलं होतं. नंतर कळलं, तो अंधाराशी चाललेला झगडा आहे.

आता आर्वी. मे संपता संपता भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, सावली पायाखाली. तुम्हाला उजेड गोळा करायचाय की हाकलायचाय? मोठ्या काचेच्या खिडक्या आणि चारी बाजूंनी चमकणारा पांढरा ऑइलपेंट केलात तर मे महिन्यात घरात गॉगल लावून बसावं लागेल.

---

चुनखडी | ४ फेब्रुवारी

वरच्या प्रतिसादाला जोड देतो. अमरावतीत बांधकामाच्या धंद्यात आहे, जुनी घरं दुरुस्त करणं हा आवडीचा भाग.

पहिली गोष्ट: पांढरा रंग तुमच्याकडे आतल्या भिंतीपेक्षा स्लॅबच्या डोक्यावर जास्त कामाचा. मार्च लागला की स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारा. ऊन परत फेकलं जातं, स्लॅब कमी तापतो, आणि रात्री अकरा वाजता पंख्यातून जो भट्टीचा वारा येतो त्याला थोडा तरी आळा बसतो. पावसाळ्यात निघून जातो, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा. काम अर्ध्या दिवसाचं.

दुसरी: जुन्या मातीच्या भिंतींना कृपा करून सिमेंट, पुट्टी, प्लास्टिक पेंट यातलं काहीही लावू नका. मातीची भिंत ओल पिते आणि सोडते. वरून सिमेंटचं कातडं बसवलं की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडा मातीसकट हातात येतो. तिथे चुनाच हवा.

कळीचा चुना आणा, मोठ्या ड्रमात पाण्यात विझवा. विझताना तो अक्षरशः उकळतो, पोरं लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. मग किमान आठवडाभर मुरू द्या, महिनाभर मुरला तर सोनं. फडक्यातून गाळा. भिंत आधी पाण्याने ओली करा आणि दुधाइतके पातळ तीन हात द्या. घाईने एकच जाड हात दिला की तो पापुद्रा धरून उतरतो, आणि मग लोक चुन्याला शिव्या देतात. पहिल्या दिवशी काहीच दिसणार नाही, घाबरू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, तसतसा पांढरा होत जातो.

आणि निळ टाकू नका! आपल्याकडे चुन्यात निळ टाकायची सवय आहे, त्यानेच तो पांढरा 'फटक' आणि थंड दिसतो. तुमच्या आजीबाईंचा दवाखाना तो हाच. निळीऐवजी बादलीभर चुन्यात मूठभर रामरज टाका. साय धरलेल्या दुधासारखा रंग येतो. मातीचे रंग चुन्यात टिकतात, बाजारातले भडक रंग चुना खाऊन टाकतो.

---

सांदवाडी | ४ फेब्रुवारी

रामरज म्हणजे पिवळी माती ना? आमच्याकडे भिंतीला खालून पट्टा ओढायला वापरायचे.

---

चुनखडी | ४ फेब्रुवारी

हो, तीच.

---

बाभूळबन | ५ फेब्रुवारी

सगळं वाचलं. राग मानू नका बाई, पण मले हे खूळ कळून नाई रायलं.

माहं बालपण कुडाच्या घरात गेलं. तुराट्यांचा कूड, वरून शेणमाती छाबलेली. दर पावसाळ्यात भिंत पाझरे, दर दिवाळीले माय हात सोलेपर्यंत छाबे. उधईनं दाराच्या चौकटी खाल्ल्या. विंचू निघत. बुढा मेला तवा त्याची येकच इच्छा होती, पोराचं घर सिमेंटचं पाह्यलं पाह्यजे. ते झालं. माह्या बायकोनं त्याले गुलाबी रंग देला, दारावर हिरवा, खिडकीले निळा. तो रंग म्हणजे आमची दिवाळी हाय. तुमी म्हणता फिका पाह्यजे, मातीवानी पाह्यजे, सुतळीवानी पाह्यजे. ज्यानं मातीतून निंगायले पन्नास वर्षं घातली त्याले माती फॅशन म्हणून इकू नका.

---

पऱ्हाटी | ५ फेब्रुवारी

@बाभूळबन भाऊ, राग कसला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दर आठवड्याला सारवणं माझ्याच्यानं होणार नाही आणि मी कोणाला करायलाही लावणार नाही, हे आधी सांगते. आजेसासूबाईंच्या बोटांकडे पाहिलं की कळतं ते काय काम होतं. खालची फरशी राहणारच आहे.

पण एक विचारू का? तुमच्या गुलाबी घरात दुपारी झोपायला तुम्ही कुठे जाता? आमच्याकडे मे महिन्यात दोन ते पाच सगळं घर नव्या खोल्या सोडून त्या जुन्या मातीच्या खणात येऊन पडतं. पिस्ता रंगवाल्या शेजाऱ्यांसकट.

---

बाभूळबन | ५ फेब्रुवारी

लिंबाखाली बाजेवर. :)

---

उप्सालावासी | ५ फेब्रुवारी

@बाभूळबन यांना रंगाबद्दल इथली साक्ष देतो. स्वीडनची खेडी पांढरी नाहीत. बाहेरून घरं लालभडक! फालून गावाच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या लोहयुक्त मातीचा रंग, पाणी आणि 'राय' नावाच्या धान्याचं पीठ (आपली मोहरी नव्हे) घालून शिजवलेला. त्यात जवसाचं तेलही घालतात. खाण १९९२मध्ये बंद झाली, २००१मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, रंग मात्र अजून विकला जातो. पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा ओरडलोच, अरे, हा तर गेरू! खरंच तेच आहे, लोखंडाचा गंज. कारंज्यात माझी आजी संक्रांतीच्या आधी तुळशीवृंदावनाला लावायची तो आणि हा, दोघं भाऊ.

आणि कार्ल लार्सन नावाचे चित्रकार आणि त्यांची बायको कारिन यांचं सुंदबोर्नचं घर इथे स्वीडिश घराचा आदर्श मानतात. त्यात हिरवं, लाल, निळं सगळं आहे. पडदे, उशा कारिनने स्वतः विणलेल्या. तेव्हा ते मोबाईलवरचं करडं-पांढरं चित्र म्हणजे सगळं स्वीडन नव्हे. इथली माझी शेजारीण जुने शर्ट, चादरी फाडून त्यांच्या पट्ट्यांची जाजमं विणते. माझ्या आईची गोधडी तिला दाखवली तर ती तासभर उलटसुलट करून टाके बघत बसली.

---

बारीकसारीक | ५ फेब्रुवारी

वाचनखूण साठवली. फोटो टाका हो कोणीतरी.

---

झाडीपट्टी | ६ फेब्रुवारी

बांबूबद्दल मी बोलतो, गाव गडचिरोली जिल्ह्यात.

ताई, तुमच्या रॅकमधून पडतो तो भुगा घुणाचा. बांबूत साखर आणि पिष्ट असतं, कीड त्यासाठी येते. पावसाळ्यात तोडलेल्या कोवळ्या बांबूत ते जास्त, म्हणून आमच्याकडे पाऊस संपल्यावर, थंडीत, तीन वर्षांच्या वरचा बांबू तोडतात. अंधाऱ्या पाखात तोडावा असं जुनी माणसं म्हणतात. त्यावर वाद होऊ शकतो, मी घालत नाही.

उपाय: हिरवा, ताजा बांबू घ्या. पेरांमध्ये सळईने आरपार भोक पाडा. शंभर लिटर पाण्यात तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक पावडर विरघळवून त्यात आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवा, मग सावलीत उभा वाळवा. उन्हात टाकला तर तडकतो. हे घरातल्या वस्तूंसाठी. उघड्यावर पावसात ठेवलं तर औषध धुऊन जातं. आता वाळलेल्या, पोखरलेल्या रॅकवर हे चालणार नाही, तो चुलीत घाला.

जात पण पाहून घ्या. मानवेल बारीक, भरीव, मजबूत. खुर्ची, स्टूल, पडद्याचा दांडा यासाठी तोच. काटस जाड आणि पोकळ. तट्ट्या, टोपल्या, सुपं बुरडांकडून घ्या, ऑनलाइन जी 'नॉर्डिक बास्केट' म्हणून विकतात ती आपली दुरडीच आहे, फक्त पांढरा रंग मारलेली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र. एकदा जाऊन या, हात लावून पाहा.

शेतात बांबू लावायची भीती बाळगू नका. २०१७मध्ये कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू आता 'झाड' धरत नाहीत. धुऱ्यावर लावा, पोरांच्या लग्नापर्यंत मांडवाची सोय.

---

कूलरखाली | ६ फेब्रुवारी

मुख्य मुद्दा राहिलाच. कूलर.

---

सांदवाडी | ६ फेब्रुवारी

खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवायचा, आत फक्त जाळी दिसते. आमचा तसाच आहे. त्या पत्र्याला भिंतीचाच रंग मारला, आता तो आहे हे पाहुण्यांना आवाजावरूनच कळतं.

---

चुनखडी | ६ फेब्रुवारी

फक्त एक करू नका. सुंदर दिसावा म्हणून त्याच्याभोवती बांबूचा खोका बांधू नका. तीन बाजूंच्या ताट्यांतून वारा आत ओढला जातो, त्या झाकल्या की नुसता दमट फडफडाट. वरून सावली हवी असेल तर हातभर अंतर सोडून तट्टी उभी करा. आणि ताट्या खसाच्या घ्या. लाकडाच्या भुशाच्या ताट्या स्वस्त मिळतात, पण त्यांना तो वास नाही. खस म्हणजे मुळं, रंग मातकट, तुमच्या स्कँडिनेव्हियन यादीत थेट बसतात.

---

सूतकताई | ७ फेब्रुवारी

वर्ध्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या धाग्यावर सेवाग्रामचं नाव अजून कसं आलं नाही याचं नवल वाटतंय! पऱ्हाटी, तुमच्यापासून ते तास-दीड तासावर. बापूकुटीत तुम्ही शाळेची सहल नेली असणार, पण पुन्हा एकट्या जा, दुपारी. १९३६ला गांधीजी त्या गावात राहायला आले आणि कुट्या आजूबाजूला मिळेल त्याच सामानाच्या बांधल्या: माती, बांबू, लाकूड, कवेलू. जमिनीवर चटई, बसायला गादी, लिहायला बुटकं मेज. बाकी भिंत रिकामी. आणि त्या रिकाम्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेनने मातीचेच उठाव करून ताडाची झाडं आणि चरखा काढलाय. वेगळा रंग नाही, तीच माती, फक्त तिरप्या उजेडात सावली पडते तेवढंच चित्र. पोत म्हणजे काय हे मला त्या भिंतीपुढे कळलं. तुमच्या फोटोंतली माणसं जे पैसे मोजून करतात ते हेच.

आता कापडाचं. तुम्ही मांजरपाट विसरलात! न धुतलेल्या, न रंगवलेल्या सुताचा तो सायीसारखा रंग, मध्ये मध्ये सरकीचे बारीक काळे ठिपके. पडद्यांना त्याच्यासारखं दुसरं नाही. ऊन गाळून आत सोडतो. फक्त शिवण्याआधी दोनदा भिजवून वाळवा, आटतो मेला. माझे पहिले पडदे वीतभर वर गेले होते, आखूड परकरासारखे.

वर्ध्यातच मगन संग्रहालय आहे, १९३८पासून. तिथे नैसर्गिक रंगांची खादी मिळते. मोठा खर्च करायचा असेल तर भंडाऱ्याकडचा कोसा, म्हणजे कोसा रेशीम: न रंगवलेल्या कोशाचा मधासारखा रंग असतो, एका उशीच्या अभ्र्याने खोली उजळते. लोकरीची शाल मात्र विसरा. घोंगडी पेटीत ठेवा, डिसेंबरात काढा. मडकी भद्रावतीची आणा, तिथल्या ग्रामोदय संघाची जुनी परंपरा आहे.

बाभूळबन भाऊंचं म्हणणं मला पटतं, तरी एक सांगते. गरिबीतून आलेली माती आणि निवडलेली माती यात फरक आहे, पण माती तीच आहे. तिला दोष देऊ नये.

---

बाभूळबन | ७ फेब्रुवारी

मातीले दोष नाई दिला बाई. छाबणाराच्या हाताचं म्हणलं.

---

उप्सालावासी | ८ फेब्रुवारी

फर्निचरबद्दल शेवटचं. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९मध्ये केलेली ती प्रसिद्ध खुर्ची, पाठीला इंग्रजी 'वाय'सारखा आकार असलेली, तुम्ही फोटोंत नक्की पाहिली असेल. तिची बैठक वळलेल्या कागदाच्या दोरीने हाताने विणतात, एका खुर्चीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. आपल्या बाजेचं काय वेगळं? सुतळीची बाज विणणारा माणूस गावात उरला असेल तर आधी त्याला गाठा. दोन बुटकी स्टुलं, पाय सागाचे, बैठक सुतळीची. वर वार्निश नको, फक्त जवसाच्या तेलाचा हात.

तत्त्व म्हणाल तर इकडच्या लोकांनी घराजवळ जे उगवतं ते वापरलं. फिनलंडच्या आल्वार आल्टोने १९३३मध्ये तिपाई केली ती बर्चची, कारण तिकडे बर्चच बर्च. तुम्ही बर्चची नक्कल असलेला फिका लॅमिनेट आणू नका. तुमच्याकडे साग आहे. तो सोनेरी-तपकिरी आहे, असू द्या. उधई त्याला सहसा लागत नाही, हेही लक्षात घ्या.

---

पऱ्हाटी | ८ फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. पेंटरला महिनाभर थांबवलं. नवरा चिडलाय. कापूस अजून घरातच आहे.

---

पऱ्हाटी | २६ मे

धागा वर काढतेय. उशीर झाला, पण अहवाल देणं लागते.

कापूस मार्चमध्ये गेला. मोठ्या खणात तीन वेळा पातळ चुना, रामरज घालून, निळ नाही. पेंटर दोन दिवस तोंड वाकडं करून काम करत होता ("ताई, हे रंगकाम नाही, हा पोतारा आहे"), तिसऱ्या दिवशी वाळलेली भिंत पाहून स्वतःच्या मोबाईलमध्ये फोटो काढून घेऊन गेला. स्लॅबवरही चुना मारला. उरलेल्या चुन्याने कूलरचा पत्रा रंगवायचा माझा प्रयोग फसला, आठ दिवसांत पापुद्रे उडाले. शेवटी त्याला रंगाचा डबा विकत आणला.

पट्ट्यावरून मात्र युद्ध झालं. आजेसासूबाई जिथे बसतात तिथे भिंतीवर तेलाचा गोल असतोच, चाळीस वर्षांचा. मला चॉकलेटी ऑइलपेंट नको होता. @उप्सालावासी यांचं ते लाल घरांचं त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "मंग गेरू लाव ना, कोन नाई म्हणते?" म्हणून खाली तीन फूट गेरूचा पट्टा, वर चुना. त्यांनी स्वतः बसून त्याच्या काठावर पांढऱ्या मातीची बोटाने एक नक्षी ओढली. खोलीतला सगळ्यांत भडक भाग तोच आहे आणि नजर पहिल्यांदा तिथेच जाते. फोटोंत असं कुठेच नव्हतं.

नव्या दोन खोल्यांत हार मानली, अर्धी. चकचकीत फरशी काढायला पैसे नाहीत, म्हणून वर सिंदीच्या मोठ्या चटया टाकल्या. दुपारी त्यांच्यावर झोपलं की गालावर विण उमटते. एका खोलीला मळकट पांढरा, दुसरीला नवऱ्याचा पिस्ता. तो त्याच्या खोलीत खूश आहे. मांजरपाटाचे पडदे झाले, दोनदा भिजवून. बाज विणणारे काका शेजारच्या गावात सापडले, स्टुलं दोन सांगितली होती, त्यांनी तीन करून आणली. तिसऱ्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणाले, हात बसून होता.

बांबूचं अजून काही केलं नाही, थंडीची वाट पाहतेय. एका मडक्यात पऱ्हाटीच्या वाळक्या फांद्या ठेवल्या, बोंडांच्या रिकाम्या दोड्यांसकट. सासूबाईंनी दोनदा त्या सरपणात टाकल्या. आता ठेवत नाही.

आज दुपारी बाहेर ४५. घरातले सगळे त्याच खणात, रांगेने.

---

बाभूळबन | २६ मे

गेरूचा पट्टा चांगला केला. आमच्या घरवालीले दाखवा, फोटो टाका.

---

सूतकताई | २७ मे

पडद्यांना मांजरपाट किती लागला? आणि खिडकी केवढी?

---

पऱ्हाटी | २७ मे

खिडकी चार बाय चार. दोन पडद्यांना मिळून सहा मीटर आणला, आटून पावणेसहा राहिला. खाली वीतभर दुमडून ठेवलाय, अजून आटला तर सोडता येईल.